डॉ. आनंदीबाई जोशी

मुंबईहून न्यू यॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर दूर. थेट विमानाने आज सुमारे १६ तासांत तेथे पोहोचता येते. सरावलीच्या आकाशात विमान दिसले की आम्हांस आनंदीबाईंचे स्मरण होते. २०१४ पर्यंत आमचे गाव ज्या ठाणे जिल्ह्यात होते, त्यातील कल्याण येथे त्यांचे बालपण गेले.

चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. योग्य औषधोपचाराअभावी स्त्रियांचे किती हाल होतात हे त्या दुःखाने त्यांस उमगले व त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. अठराव्या वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, पतीस मागे ठेवून त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व ५८ दिवसांनी, ४ जून रोजी, न्यू यॉर्कास उतरल्या. फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत प्रकृती ढासळली, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली.

कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता. परंतु क्षयाने जर्जर होऊन त्या परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निवर्तल्या. वयास बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

वाट आता सोपी झाली आहे. त्यांचा निर्धार मात्र आम्ही अंगी बाणविला पाहिजे.