अंगणवाडीची कल्पना कोणाची? जाणून घ्या ताराबाई मोडक यांच्याविषयी

गरोदर मातेचा आहार, बाळाचे लसीकरण, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. गावोगावी ही कामे अंगणवाडीशी जोडलेली आहेत. या अंगणवाडीचे मूळ ताराबाई मोडक यांच्या कामात आहे.

कोण होत्या ताराबाई?
१८९२ मध्ये मुंबईत जन्म. पदवी घेतल्यानंतर त्या राजकोटला प्राचार्य झाल्या. ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

शाळा अंगणात का गेली?
माँटेसरी पद्धतीची साधने महाग, त्यामुळे हे शिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतेच उरले होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत बालवाडी सुरू केली. पण दलित वस्तीतली मुले तिथे येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांची स्वच्छता, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साधने म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने.

पुढे काय झाले?
१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत पोहोचले. सोबत शिष्या अनुताई वाघ होत्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी!