पाणी जिरवण्याचा हिशेब मांडणारे जोतीराव

दरवर्षी ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी आपण क्रांतिबा जोतीराव फुले यांना अभिवादन करतो. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, विधवांच्या बाळंतपणाची सोय हे सारे भाषणांतून येते, आणि ते यायलाच हवे. पण जोतीराव स्वतः शेतकरी होते आणि पावसाचे पाणी शेतात कसे जिरवावे याचा आराखडा त्यांनी १८८३ सालीच सरकारपुढे मांडला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पालघर, बोईसर-तारापूर या आपल्या पट्ट्यात तर ही बाजू मुद्दाम सांगण्याची गरज आहे.

जोतीरावांचे मूळ घराणे गोऱ्हे. गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे कटगुण. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा. गावच्या कुळकर्ण्याशी वैर झाले आणि पणजोबांना गाव सोडावे लागले. घराणे पुरंदरच्या खानवडीला आले, तोही कोरडवाहू भाग. तेथून आजोबा शेटिबा पुण्यास आले. पेशवाईत फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले हे नाव पडले. म्हणजे विस्थापन काय असते आणि कोरडी जमीन काय असते, हे या घराण्याने पुस्तकात वाचलेले नव्हते.

१८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. शाळेत घातलेला मुलगा लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी शाळेतून काढला आणि शेतीच्या कामाला लावला. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून १८४१ साली त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात हाताला लागलेली माती मात्र कधी सुटली नाही. १८४८ साली मुलींची शाळा, १८४९ साली त्यापायी घराबाहेर पडणे, १८७३ साली सत्यशोधक समाज, हा पुढचा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे.

या इतिहासात पाणी दोनदा येते. पहिल्यांदा १८६८ साली, जेव्हा जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी ५९ वर्षे! पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तिथे होता. दुसऱ्यांदा पाणी येते ते शेतीच्या संदर्भात. शेतात पडलेला थेंब कोणाच्या कामी यावा, हा तो प्रश्न. दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे आपण विसरतो.

जोतीराव कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा व्यावसायिक संबंध होता. धरण कसे उभे राहते, सरकारी खात्यात पैसा कुठे मुरतो, मजुराच्या हाती किती पडतो, हे त्यांनी जवळून पाहिले. मांजरी येथे त्यांनी स्वतः शेती केली. हंटर आयोगापुढे १८८२ साली निवेदन दिले तेव्हाही स्वतःची ओळख देताना शेतकरी असल्याचे नमूद केले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. उपाशी मुलांच्या पंक्ती पाहिलेला हा माणूस पाच वर्षांनी शेतकऱ्याचा असूड लिहायला बसला.

असूडमधील सावकार, भट आणि कलेक्टर कचेरीवरचे कोरडे सर्वांना माहीत आहेत. शेवटच्या, पाचव्या प्रकरणातले उपाय मात्र वाचले जात नाहीत. जोतीरावांचे म्हणणे असे की, लष्कर आणि पोलीस खात्यातील रिकाम्या मनुष्यबळाला कामाला लावून सरकारने जागोजागी ताली व बंधारे घालावेत. ते अशा बेताने घालावेत की पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्या-नाल्यांना जाऊन मिळेल. डोंगराच्या दऱ्याखोऱ्यांत सोयीप्रमाणे तलाव-तळी करावीत. पाणाड्यांकडून जमिनीतील पाण्याच्या जागा शोधून त्या गावच्या नकाशावर दाखवाव्यात आणि स्वतःच्या बळावर विहीर खोदणाऱ्यास बक्षीस द्यावे. नदी-तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा. सरकारने घेतलेली गायराने गावांना परत करावीत. कालव्याचे पाणी शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानाने तोट्या बसवून मोजून द्यावे.

यातील शास्त्र साधे आहे. एक एकर रानावर २० मिलिमीटरची एक सर पडली तर सुमारे ८० हजार लिटर पाणी होते. उतारावर ते थांबले नाही तर वाहून जाते आणि जाताना वरची सुपीक माती नेते. आडवा बांध पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की पाणी मुरते, माती जागेवर राहते. पालापाचोळा व शेणखत कुजून झालेला अंश मातीत असेल तर ती ओल धरून ठेवते. जोतीरावांनी हेही पाहिले होते की डोंगरावरचा पाला, गवत, जनावरांचे शेण कुजून पावसाबरोबर खालच्या शेतात येई आणि फुकटचे खत मिळे. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यावर गरिबाची शेळी गेली आणि शेतातले खतही गेले. ओल, खत, चराई आणि मालकी हे सारे एकाच दोरीत बांधलेले आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले.

दीनबंधु पत्राने या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांपुढे मात्र त्याचे वाचन झाले. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राजपुत्रासमोर खऱ्या रयतेची स्थिती मांडली. त्याच वर्षी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पूर्ण केला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारला हे शहाणपण सुचायला चाळीस वर्षे लागली. १९२३ पासून मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी हीच त्याची सूत्रे. १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो मजुरांनी पाझर तलाव व नालाबांध खोदले, त्यातून रोजगार हमी उभी राहिली. २०१४ साली जलयुक्त शिवार आले. या कशाच्याही पायाशी जोतीरावांचे नाव नाही. ज्या मागास समजल्या गेलेल्या माणसाने आधी सांगितले, त्याला शेतीच्या इतिहासातून वगळायचे आणि फक्त समाजसुधारक म्हणून भिंतीवर टांगायचे, हा डाव आपण ओळखला पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पालघरमध्ये २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायांच्या डोक्यावर हंडे का? कारण उतारावरची माती पातळ, खाली कातळ, आणि चार महिन्यांचे पाणी धावत समुद्राला मिळते. भात निघाल्यावर शेतात ओल टिकली तर वाल, हरभरा येतो आणि कुटुंब पाड्यावर राहते. ओल गेली तर दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीच्या वाटेला लागते, मुलांची शाळा सुटते. सूर्या धरणाचे पाणी शहरांकडे वळवले गेले, त्याविरुद्ध येथील आदिवासींना लढावे लागले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मराठवाड्याकडून आलेले आपले किती बांधव राबतात! त्यांच्या मागे सुटलेल्या रानाची कहाणी यापेक्षा वेगळी नाही.

वकील म्हणून मला यात कायद्याचा मुद्दा दिसतो. बांध हे मालकाचे काम आहे. उद्या जमीन काढून घेतील या भीतीखाली कोणी दगड रचत नाही. म्हणून वनहक्क कायदा, २००६ खालचा पट्टा म्हणजे केवळ कागद नव्हे, तो ओल धरण्याचा पहिला आधार आहे. याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि त्या सोयींत पावसाचे पाणी साठवण्याची बांधकामे स्पष्टपणे येतात. अट अशी की ते सरकारचे काम असावे, प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हाती आहे. पण किती ग्रामसभांत हा ठराव मांडला जातो? गायरानावर कसणाऱ्या आपल्या भूमिहीनांचेही तेच. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह जमिनीसाठी होता. जमीन मिळाली तरी ती उतारावरची, खडकाळ मिळाली. तिला बांध हवाच.

म्हणून येत्या जयंतीला मिरवणुकीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढू या. असूडचे पाचवे प्रकरण वस्तीत मोठ्याने वाचू या. वनहक्काचे आणि गायरानाचे अडलेले दावे गोळा करू या आणि पावसाआधीच्या ग्रामसभेत पाणी जिरवण्याच्या कामांचा ठराव लेखी देऊ या. ठराव नाकारला तर कारण लेखी मागू या. जोतीरावांनी सरकारला हिशेब मागितला होता. तो हिशेब अजून बाकी आहे.