कृत्रिम रेतनाचे प्रणेते इल्या इव्हानोव्ह

शेतकऱ्याच्या गोठ्यात आलेला पशुवैद्यक द्रवनत्राच्या पात्रातून एक बारीक कांडी काढतो आणि काही मिनिटांत गायीचे रेतन पूर्ण होते. त्या कांडीतील शुक्राणू जिवंत आणि चपळ आहेत काय, याची तपासणी प्रयोगशाळेत आधीच झालेली असते. या व्यवस्थेचा पाया घालणाऱ्यांत रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या इव्हानोविच इव्हानोव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. जगाने मात्र त्यांना लक्षात ठेवले ते एका फसलेल्या आणि निंद्य प्रयोगासाठी.

इव्हानोव्ह यांचा जन्म १८७० मध्ये रशियाच्या कुर्स्क प्रांतातील श्चिग्री या गावी झाला. खारकोव्ह विद्यापीठातून १८९६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काही काळ अध्ययन केले. पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्रजननग्रंथींच्या कार्याचा अभ्यास आरंभिला.

कृत्रिम रेतनाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. इटलीतील लाझारो स्पालांझानी यांनी अठराव्या शतकातच एका कुत्रीवर असा प्रयोग यशस्वी केला होता. तथापि, गर्भधारणा नेमकी कशामुळे होते, शुक्राणूंमुळे की त्यांच्यासोबत येणाऱ्या ग्रंथींच्या स्रावांमुळे, याचा उलगडा व्हायचा होता. इव्हानोव्ह यांनी थेट अधिवृषणातून शुक्राणू मिळवले, ते कृत्रिम द्रावात मिसळले आणि त्यांपासून गर्भधारणा घडवून दाखवली. साहाय्यक ग्रंथींचे स्राव गर्भधारणेसाठी अपरिहार्य नाहीत, हे त्यावरून सिद्ध झाले.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे होते. नैसर्गिक स्रावाची जागा तयार द्राव घेऊ शकतो, म्हणजे वीर्य विरल करता येते आणि एका वेळचे वीर्य अनेक माद्यांना पुरते. पण विरल केलेल्या वीर्याच्या प्रत्येक वाट्यात पुरेसे सशक्त शुक्राणू हवेत. शुक्राणू तर अत्यंत नाजूक असतात. तापमानातील फेरफार वा जंतुनाशकाचा अंशही त्यांना मारक ठरतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल पाहणे हे हौसेचे काम न राहता रेतनापूर्वीची आवश्यक पायरी ठरले.

झारशाही रशियाला घोडदळासाठी आणि शेतीसाठी उत्तम अश्वांची निकड होती. इव्हानोव्ह यांनी १९०१ मध्ये घोड्यांच्या कृत्रिम रेतनाचे जगातील पहिले केंद्र स्थापन केले. घोडीच्या योनिमार्गात निर्जंतुक स्पंज ठेवून संयोगानंतर तो पिळायचा व वीर्य गोळा करायचे, अशी त्यांची पद्धत होती. नैसर्गिक संयोगात एका घोड्याकडून वीस-तीस घोड्या फळत. या तंत्राने ती संख्या ५०० पर्यंत नेता येते, असे त्यांनी दाखवून दिले. गायी, मेंढ्या, कुत्री यांच्यावरही त्यांनी प्रयोग केले आणि तंत्रज्ञांना प्रशिक्षित केले. दक्षिण रशियन साम्राज्यातील, आता युक्रेनमध्ये असलेल्या अस्कानिया-नोव्हा येथे त्यांनी झेब्रा व गाढव यांसारख्या भिन्न प्राण्यांचे संकरही घडवले.

संकराच्या याच ध्यासाने त्यांना भलत्या वाटेवर नेले. मानव आणि वानर यांच्या संकराचा घाट घालून, सोव्हिएत सरकारच्या आर्थिक पाठबळावर ते १९२६ मध्ये फ्रेंच गिनीत गेले. तेथे तीन चिंपांझी माद्यांवर मानवी शुक्राणूंचा प्रयोग झाला. एकीलाही गर्भ राहिला नाही. रुग्णालयातील आफ्रिकी स्त्रियांवर त्यांच्या नकळत असाच प्रयोग करण्याचा बेतही त्यांनी आखला होता. वसाहतीच्या गव्हर्नरने त्यास नकार दिला. आयुष्यभर तंत्राची शुद्धता काटेकोरपणे जपणाऱ्या या संशोधकाला त्या स्त्रियांच्या संमतीची गरज वाटली नाही, हा त्यांच्या चरित्रावरील न पुसणारा डाग होय.

पुढे सोव्हिएत राजवटीत शेती व पशुविज्ञान क्षेत्रांतील तज्ज्ञांचे अटकसत्र सुरू झाले. डिसेंबर १९३० मध्ये इव्हानोव्ह यांनाही अटक झाली आणि पाच वर्षांसाठी अल्मा-आता येथे हद्दपारीची शिक्षा मिळाली. तेथील पशुविज्ञान संस्थेत ते काम करीत राहिले. २० मार्च १९३२ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो पाव्हलॉव्ह यांनी.

त्यांचे तंत्र मात्र सीमा ओलांडून गेले. रशियात मिलोव्हानोव्ह यांनी वीर्यसंकलनाची साधने सुधारली. डेन्मार्कमध्ये १९३६ मध्ये कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था उभी राहिली. भारतात १९३९ मध्ये म्हैसूर येथे संपत कुमारन यांनी पहिला यशस्वी प्रयोग केला. ब्रिटनमध्ये १९४९ साली ग्लिसरीनच्या साह्याने वीर्य गोठवून टिकवण्याचा मार्ग सापडला. पुढे महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने हे तंत्र शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेले.

आज शुक्राणूंचा वेग, संख्या आणि आकार संगणकाच्या साह्याने मोजले जातात. गोठवलेले वीर्य वितळवल्यावर किती शुक्राणू पुढे सरकतात, यावर त्या मात्रेची उपयुक्तता ठरते. साधने बदलली, पण काचपट्टीवरील थेंबाला विचारायचा प्रश्न इव्हानोव्ह यांच्या काळातलाच आहे. त्यांच्या अपराधाचा विसर पडू नये, हे खरे. तसाच गोठ्यागोठ्यात पोहोचलेल्या त्यांच्या कामाचाही पडू नये.