वेठ आणि वाचा : श्रीमती गोदावरी परुळेकर यांचे चरित्र

वाचा ही मनुष्याची सहज संपत्ती होय असे सर्वच मानतात. परंतु तिचा उपभोग सर्वांस सारखा लाभत नाही. ज्याच्या हाती भूमी, धान्य आणि दंड, त्याचा शब्द प्रमाण ठरतो. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याचे मौन हीच कालांतराने त्याची ओळख होऊन बसते. हा बंध कसा पडतो आणि कसा सुटतो, हे जाणण्यास गोदावरी परुळेकर यांचे चरित्र उपयुक्त आहे.

त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुणे येथे, नामांकित वकील लक्ष्मणराव गोखले यांच्या घरी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील आरंभीच्या महिला विधी-पदवीधरांत त्यांची गणना होते. १९३२ साली सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. वडिलांस हे रुचले नाही, म्हणून घर सोडून त्या मुंबईस आल्या. भारत सेवक समाजात राहून त्यांनी प्रौढसाक्षरतेचे कार्य केले व घरगड्यांची संघटना उभारली. १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे उभयतांनी साम्यवादी पक्षाचा व किसान सभेचा मार्ग पत्करला.

पालघर, डहाणू या भागांत पश्चिमेस समुद्रकाठची वाड्या-बागायत, पूर्वेस डोंगर व रान. या रानपट्ट्यात वारली राहत. त्यांची बहुतेक जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली होती, आणि रान सरकार व ठेकेदार यांच्या ताब्यात होते. वेठ म्हणजे मोबदल्यावाचून करावे लागणारे सक्तीचे काम. लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी होई. तो आणि त्याची स्त्री वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर, मालकाकडे राबत. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात या स्थितीचे वर्णन आहे. म्हणजे शासनास ती अज्ञात नव्हती. लिहिणारा अधिकारी होता, वाचणारे अधिकारी होते. ज्याच्याविषयी लिहिले, तो मात्र अबोलच होता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे माह्या धांगडा यांच्यासह काही वारली आले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ करावयाची नाही, आणि बारा आणे रोजावाचून मालकाच्या शेतावर जावयाचे नाही, असे तेथे ठरले. मागणी लहान दिसते. परंतु मालकासमोर नकार उच्चारणे हेच वारल्यास नवे होते. त्या एका नकाराबरोबर वेठीचा गडी हे नाव गळून पडले आणि मनुष्य हे नाव त्यास लाभले.

सत्तेस असा शब्द सहन होत नाही. प्रथम ती त्याचे सोंग घेते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोदूताईंची सभा असल्याची खोटी वार्ता पसरविण्यात आली. वारली जमले, आणि तो जमाव दंगलीसाठी आल्याचे पोलिसांस भासविण्यात आले. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. विश्वासाचे नावच सापळ्यासाठी वापरले गेले.

सोंगाने काम न भागल्यास सत्ता बंदी घालते. १९४६ साली रानकामाच्या मजुरीसाठी संप झाला, तेव्हा परुळेकर दांपत्यास ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. बोलणारा दूर केला म्हणजे बोलणे थांबेल, हा त्यामागील हिशेब. तो चुकला. संप मोडला नाही; ठेकेदारांस मजुरी वाढवावी लागली. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले; तरी वेठ पूर्ववत झाली नाही. बाई जवळ नसतानाही शब्द टिकला, कारण तो आता उसना राहिला नव्हता. दुसऱ्याकरिता बोलणे आणि दुसऱ्यास बोलते करणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

१९६५ साली शामरावांचे तुरुंगातच निधन झाले; बाईंनी कार्य सोडले नाही. १९६९ साली तारापूरच्या अणुकेंद्राची वीज वाहू लागली, आणि पुढच्याच वर्षी बाईंचा जेव्हा माणूस जागा होतो हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ साली आला, झरीच्या सभेनंतर तब्बल एकतीस वर्षांनी. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी बाईंचे निधन झाले.

या क्रमातच चरित्राचे तात्पर्य आहे. कायद्याने मनुष्यत्वास मान्यता दिली ती शेवटी; त्याआधी ज्याचे त्यानेच ते ओळखले होते. बाहेरील अधिकार त्या ओळखीवर शिक्का उमटवू शकतो, तिला जन्म देऊ शकत नाही. म्हणून मुक्यास वाचा देणे याचा अर्थ त्याच्या जागी उभे राहून बोलणे नव्हे. तो बोलेल तेव्हा ऐकून घेणे, आणि त्या बोलण्याचे मूल्य त्याच्याबरोबर भोगणे, हा होय.