शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



भातलावणी सुरू झाली की गावच्या शाळेचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पटावर नावं तेवढीच असतात, वर्गात पोरं मात्र कमी दिसतात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेलं, कोणी गुरांमागे गेलेलं, कोणी बांधावर भाकरी पोचवायला निघालेलं. गुरुजी हजेरीबुकात गैरहजर लिहितात, आणि पालकांना शिक्षणाची किंमतच नाही असं बोलून आपण मोकळे होतो.

डोंबिवलीच्या आसपासची गावं असोत, नाहीतर मुरबाड-शहापूरचे पाडे, प्रश्न जुनाच आहे. तो आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एका बाईंनी मुळापासून हाताळला. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचं. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, सुधारकी मताचे. त्यामुळे मुलींनी शिकावं की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. बायका फारशा कॉलेजात दिसत नव्हत्या, त्या काळात ताराबाई 1914 साली बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग पडलं. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नोकरी केली.

पुढे भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेतलं गिजुभाई बधेका यांचं काम त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. गिजुभाई मूळचे वकील. छडी आणि घोकंपट्टी सोडून मुलांना हातानं करू द्यावं, गोष्टीतून शिकू द्यावं, हा त्यांचा मार्ग. इटलीच्या डॉ. माँटेसरी यांची पद्धत त्यांनी गुजरातेत रुजवली होती. ताराबाई नोकरी सोडून त्यांच्या कामात गेल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मग 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तिथं नुसती मुलंच शिकत नव्हती, शिक्षिकाही तयार होत होत्या.

इथवर सगळं शहरी होतं. माँटेसरीचं साहित्य महागडं आणि शिकणारी मुलं पांढरपेशांची. खेड्यातल्या, मजुराच्या, आदिवासीच्या पोराचं काय, हा सवाल ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1945 साली, मुंबईतली बसलेली घडी मोडून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. डोंबिवलीहून दिवा-वसईमार्गे गेलं तर डहाणूच्या पुढचं घोलवड स्टेशन, तिथून बोर्डी जवळ. चिकूच्या वाड्यांचा हा मुलूख तुम्हाला माहीत असेल. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ गेल्या. बालपणीच लग्न आणि वैधव्य सोसून शिक्षिका झालेल्या अनुताई त्या भागात जन्मभर राहिल्या.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती वस्तीवरची गरीब मुलं तिकडे फिरकेनात. अंगावर धड कपडा नाही, आईबाप मजुरीला, घरी तान्हं मूल, येणार कशी? ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. आधी अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारातून बघायच्या. बघता बघता त्यांनाही स्वच्छतेचा धडा मिळायचा. अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

साहित्यही तिथलंच. समुद्रकाठचे शिंपले, खडे, झाडाची पानं, बिया, माती. शिंपले लहानमोठे लावता लावता आकार कळतो, बिया मोजता मोजता आकडे येतात, पानं हाताळताना खरखरीत-गुळगुळीत समजतं. महागड्या पेटीतलं शिक्षण ताराबाईंनी बिनपैशाच्या वस्तूंत उतरवलं.

1957 साली हे काम डोंगरावर, कोसबाडला, वारली वस्तीत गेलं. तिथं विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण साधं होतं. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते म्हणून तिची शाळा बुडते. धाकट्याची सोय शेजारीच केली, तर थोरली वर्गात बसेल. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथंच शिकणं.

आम्ही कृषी विस्ताराचं काम करणारी माणसं. नवं बियाणं कचेरीत बसून पटत नाही, ते शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्याच मातीत पेरून दाखवावं लागतं, हे आम्ही अनुभवानं शिकलो. ताराबाईंनी शिक्षणात हेच केलं. पीक प्रात्यक्षिकासारखी त्यांनी शाळाच बांधावर नेली.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. 2014 साली डहाणू तालुका पालघर जिल्ह्यात गेला, पण या कामाचं बीज आपल्या जिल्ह्यात पडलं होतं, हे विसरू नये.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एवढं जरूर बघावं. आपल्या गावची अंगणवाडी नुसती खाऊ वाटायची जागा तर झाली नाही ना? पावसात छप्पर गळतं का? लावणीच्या दिवसांत आई शेतावर लवकर निघते, तेव्हा दार उघडं असतं का? आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही थोडं करा. चिंचोके, वालाचे दाणे, भाताच्या लोंब्या यातलं मूठमूठ अंगणवाडीत नेऊन द्या. थोरल्या मुलीला तान्ह्यासाठी घरी ठेवण्याआधी शेजारच्या म्हातारीला विचारा, बाईंशी बोला, काही सोय लागते का पाहा.

राब वेळेवर टाकला नाही तर लावणीला रोप कुठून आणणार? मुलांचंही तसंच आहे. तीन ते सहा वर्षं हा त्यांचा राब. तो नीट जोपासला तर पुढची शाळा तगते. ताराबाईंनी आयुष्य घालून दाखवलेली ही गोष्ट आपण आपल्या अंगणापासून सुरू करावी.