सुटकेसमधला संगणक आणि मेंदूतली जोडणी

गेल्या महिन्यात नेरूळच्या घरी माळा आवरताना पंचवीसेक वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सापडला. चालू झाला, पण वाय-फायला जोडायची सोयच त्यात नव्हती. शेवटी भाच्याने मागच्या सिरियल पोर्टला काडेपेटीएवढे वाय-फाय मोडेम लावून दिले. लॅपटॉपला वाटते आपण जुन्या टेलिफोन लाइनवर आहोत. पुढचे काम ते मोडेम करते. आजची सुरक्षित संकेतस्थळे त्यावर उघडत नाहीत, पण साधा मजकूर हळूहळू का होईना, उमटला. त्या आनंदात मला आठवण झाली अ‍ॅडम ऑस्बोर्नची.

ऑस्बोर्नचा जन्म १९३९ साली बँकॉकमध्ये झाला. वडील इंग्रज, आई पोलिश. रमण महर्षींचे चरित्र लिहिणारे आर्थर ऑस्बोर्न ते हेच वडील. त्यामुळे अ‍ॅडमचे बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलईला गेले आणि तो उत्तम तमिळ बोलायला शिकला. अकराव्या वर्षी तो इंग्लंडला गेला. बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट केली. तेल कंपनीतली नोकरी सोडून त्याने मायक्रोप्रोसेसरवर सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. ती इतकी खपली की १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्याची प्रकाशनसंस्था विकत घेतली.

त्या पैशातून १९८१ साली ‘ऑस्बोर्न १’ बाजारात आला. आराखडा ली फेल्सेन्स्टाइन यांचा. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा, मेमरी ६४ केबी. मांडीवर ठेवण्याजोगा तो नव्हताच, पण झाकण लावले की शिवणयंत्राच्या पेटीसारखा उचलून नेता यायचा. किंमत १,७९५ डॉलर आणि लिखाणाचे, हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यातच. मोडेम जोडायला पोर्टही होते, म्हणजे टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाशी बोलायची तयारी तेव्हापासूनच. खप महिन्याला १०,००० पर्यंत पोहोचला. मग नव्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू झाली, ग्राहक थांबले, स्पर्धकही आले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. नंतर त्याने स्वस्त सॉफ्टवेअरची कंपनी काढली. तीही लोटस कंपनीशी झालेल्या कोर्टकज्जात १९९० मध्ये हरली.

आता डॉक्टर म्हणून मला खुणावणारा भाग. या धडाडीच्या माणसाला मेंदूच्या आजाराने गाठले. लहान लहान स्ट्रोक वारंवार येऊ लागले. १९९२ मध्ये तो भारतात परतला आणि कोडाईकनालला बहिणीकडे राहिला. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी तिथेच त्याचे निधन झाले. आपल्याकडे इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी खुले झाले. संगणक हातात धरून कुठेही न्यावा, हे त्याचे वेड जगाने उचलले तेव्हा तो आजारपणात होता.

प्रत्येकाच्या आजाराचे कारण वेगळे असते, आणि ऑस्बोर्नचा आजार विरळा होता. पण लहान स्ट्रोक आमच्या ओपीडीत विरळा नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, कधी काही मिनिटांत सुटते. तोंड वाकडे झाले, हातातला कप निसटला, शब्द अडखळले, एका डोळ्यापुढे अंधार आला, आणि थोड्या वेळात सारे पूर्ववत. पित्त झाले असेल, असे म्हणून घरचे लिंबूपाणी देतात. इथेच घात होतो. अशा झटक्यानंतर मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.

म्हणून लक्षणे गेली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लक्षणे चालू असतील तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. एरवी रक्तदाब, साखर आणि हृदयाची अनियमित लय तपासत राहा, तंबाखू सोडा.

जुन्या लॅपटॉपला पंचवीस वर्षांनीही बाहेरून मोडेम लावता आले. मेंदूचा बंद पडलेला भाग असा जोडून देणारे यंत्र माझ्या वॉर्डात नाही. जे काही करता येते ते पहिल्या काही तासांतच.