बोसपाडा गल्लीतील दीप

आज लक्ष्मीपूजन. सायंकाळी घरोघरी पणत्या उजळतील, लक्ष्मीची पूजा होईल. ह्याच अमावास्येच्या रात्री वंगदेशात कालीमातेची आराधना होत असते. १८९८ साली ही कालीपूजा १३ नोव्हेंबरला आली होती. त्या दिवशी कलकत्त्याच्या बागबाजार भागात, बोसपाडा गल्लीतील एका घरात, एक लहानशी कन्याशाळा सुरू झाली. ती काढणारी स्त्री सातासमुद्रांपलीकडून आलेली होती आणि ज्या मुलींना शिकवायचे त्यांची भाषा तिला अजून नीट बोलता येत नव्हती. भगिनी निवेदिता ह्या नावाने आपण ज्यांना वंदन करतो, त्यांच्या त्या प्रारंभीच्या दिवसांचे स्मरण आजच्या मंगल दिनी करावे, असे आम्हांस वाटते.

निवेदितांचे मूळचे नाव मार्गारेट नोबल. २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगॅनन ह्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते अकालीच निवर्तले. सतराव्या वर्षापासून मार्गारेट शिक्षिकेचे काम करू लागल्या व पुढे लंडनजवळच्या विम्बल्डन येथे त्यांनी स्वतःची शाळा काढली. १८९५ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांना स्वामी विवेकानंदांचे दर्शन घडले आणि आयुष्याची दिशाच पालटली. २८ जानेवारी १८९८ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या भूमीवर पाऊल ठेवले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. २५ मार्चला स्वामीजींनी त्यांना ब्रह्मचर्यदीक्षा देऊन निवेदिता, म्हणजे ईश्वरचरणी अर्पण झालेली, असे नाव दिले.

नाव मिळाले, परंतु वाणी मिळायची होती. ज्या विदुषीने लंडनमध्ये लेखन-व्याख्यानांनी नाव मिळविले होते, तिला आता बंगाली मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. स्वामी स्वरूपानंदांनी त्यांना बंगाली शिकविण्याचे काम हाती घेतले. गुरूच्या आसनावरून उतरून शिष्याच्या आसनावर बसणे सोपे नसते, हे शिकविण्याचा व्यवसाय केलेल्यांना अधिक ठाऊक असेल.

पण भाषेचा खरा पाठ त्यांना निराळ्याच घरी मिळाला. १७ मार्च १८९८ रोजी दोन पाश्चात्य भगिनींसमवेत त्या श्रीरामकृष्णांच्या सहधर्मिणी श्रीशारदामाता ह्यांच्या दर्शनास गेल्या. मातेला इंग्रजी येत नव्हते, पाहुण्यांना बंगाली येत नव्हते. तरीही खेड्यात वाढलेल्या, सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या त्या ब्राह्मण विधवेने परधर्मीय समजल्या जाणाऱ्या ह्या स्त्रियांबरोबर बसून फलाहार केला! निवेदितांना त्या खुकी, म्हणजे लहान मुलगी, अशी हाक मारीत. त्या एका हाकेचा अर्थ समजावयास कोशाची गरज नव्हती.

काश्मीरयात्रेहून परतल्यावर नोव्हेंबरात निवेदिता मातेच्याच घरी उतरल्या. आज आपणांस ह्यात विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी परदेशी स्त्रीला घरात ठेवून घेणे म्हणजे साऱ्या घरावर बहिष्कार ओढवून घेणे होते. मातेच्या दूरच्या गावी असलेल्या आप्तांनाही त्याची झळ पोहोचली असती. मातेने तोंडातून एक शब्दही काढला नाही. निवेदितांच्या मात्र हे ध्यानी आले आणि थोड्याच दिवसांत त्या जवळच्याच स्वतंत्र घरात राहावयास गेल्या. रुसवा नाही, रोष नाही. उन्हाळा आला तेव्हा मातेनेच त्यांना रात्री आपल्या घरी निजावयास बोलावले आणि इतर स्त्रियांच्या रांगेत, जमिनीवरच्या चटईवर, त्यांनाही जागा मिळाली.

कालीपूजेच्या दिवशी शारदामातेच्याच हस्ते पूजा होऊन शाळा सुरू झाली. स्वामीजीही उपस्थित होते. निवेदितांनी दारोदार जाऊन मुली मागितल्या. वाचन-लेखनाच्या जोडीला चित्रकला, मातीकाम व शिवणकाम त्या शिकवीत. बोलताना शब्द अडे, तेथे हात बोलत. पुढे १८९९ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात प्लेगने डोके वर काढले. दोन वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईने भोगलेला तो कहर आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेला असेल. त्या वेळी निवेदितांनी गल्ल्या स्वच्छ करण्यासाठी स्वतः झाडू हाती घेतला आणि वस्तीतील एका प्लेगग्रस्त बालकाला मांडीवर घेऊन त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्या बालकाने त्यांना आई मानले. बंगालीतील कोणतीही परीक्षा ह्याहून मोठी असेल काय?

द्रव्याअभावी शाळा बंद करून त्यांना जून १८९९ मध्ये पश्चिमेकडे जावे लागले. पण त्या परतल्या आणि शाळा पुन्हा उभी राहिली. गोपालची माता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कडक आचाराच्या वृद्ध बालविधवेने आयुष्याची अखेरची वर्षे निवेदितांच्याच घरी काढली आणि १९०६ साली देह ठेवला. जे घर एके काळी विटाळाचे ठरले असते, ते एका तपस्विनीचे विश्रांतिस्थान झाले.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे निवेदितांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची शाळा बागबाजारात अद्यापि चालू आहे. आज देवापुढे निरांजन लावताना त्या गल्लीतील दीपाचेही आपण स्मरण करू या, आणि आपल्या दाराशी परक्या बोलीचे कोणी आले, तर त्याला शारदामातेप्रमाणे आपलेसे करू या.